सालीवरच्या रेघोट्या: सह्याद्रीच्या सदाहरित रानात ग्राफिस कसं पाहावं आणि नोंदवावं

आंबोली, महाबळेश्वर, कोयना, राधानगरी किंवा गोव्यातलं मोले. यांतल्या कुठल्याही सदाहरित रानात गुळगुळीत सालीच्या झाडापाशी थांबलात, तर बुंध्यावर पांढरट-राखाडी डाग दिसतात. आणखी जवळ गेलात की त्या डागांवर बारीक काळ्या रेघोट्या दिसू लागतात, कुणीतरी घाईघाईत मोडीत खरडल्यासारख्या. हे ग्राफिस, सालीवर वाढणारं दगडफूल.

निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर असा फोटो चढवला की बहुतेकदा एकच नाव सुचवलं जातं: ग्राफिस स्क्रिप्टा. ते मान्य करून पुढे जाऊ नका. लिनिअसने १७५३ मध्ये नोंदवलेलं हे दगडफूल थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांतलं आहे. आपल्या पावसाळी रानात ग्राफिसच्या वेगळ्या जाती आहेत, त्याही पुष्कळ, आणि हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोवरून त्या एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून इथे जातीच्या नावाची घाई करायची नाही. वंश नक्की करायचा आणि फोटोत न येणाऱ्या गोष्टी वहीत उतरवायच्या. एवढं झालं तर नोंद पुढे तज्ज्ञाच्या कामाची ठरते. नाहीतर फोटो छान आला, इतकंच.

गोड्या मसाल्यात पडतं तेही दगडफूलच, पण ते पानासारखं पसरणारं, कडेने सुटणारं. त्यात पार्मोट्रेमा वंशाच्या जाती जास्त असतात. ग्राफिसला सुटी कड नसते. ते सालीच्या वरच्या थरात इतकं मुरलेलं असतं की सालीचा पापुद्रा काढल्याशिवाय हाती येत नाही. मसाल्यात त्याचा काही उपयोग नाही, आणि ते त्याच्या पथ्यावरच पडलं आहे.

आधी आत काय आहे ते समजून घ्या

दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडनर याने १८६७ मध्ये हे मांडलं तेव्हा दगडफुलांवर आयुष्य घालवलेल्या अनेक अभ्यासकांना ते अजिबात रुचलं नाही. आज त्यात वाद नाही. शरीर बुरशीचं, अन्न तयार करणारं शैवाल तिच्या धाग्यांत अडकलेलं.

ग्राफिसमधलं शैवाल बहुधा ट्रेंटेपोलिया वंशाचं असतं, आणि क्षेत्रात याचा थेट उपयोग होतो. ट्रेंटेपोलिया हिरव्या शैवालांच्या गटातलं असलं तरी त्यात नारिंगी रंगद्रव्य भरपूर असतं. ग्राफिसचा डाग कडेला नखाने अगदी किंचित खरवडला, तर पांढऱ्या थराखाली पिवळसर-हिरवा किंवा नारिंगीकडे झुकणारा थर दिसतो. खाली काहीच रंग निघाला नाही, तर ते दगडफूल नसून नुसती बुरशी, चुन्याचा शिंतोडा किंवा सालीचाच डाग असू शकतो. हे खरवडणं म्हणजे खरंच तीळभर. सालीवर घट्ट बसणारी दगडफुलं वर्षाला जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर पसरतात, कित्येक तर त्याहूनही कमी. तळहाताएवढा डाग तुमच्या वयाचा असू शकतो.

हेच ट्रेंटेपोलिया बुरशीशिवाय स्वतंत्रपणेही वाढतं. पावसाळी घाटात बुंध्यांवर, जुन्या भिंतींवर आणि दगडांवर जो विटकरी-नारिंगी मखमली थर दिसतो, तो बऱ्याचदा हेच शैवाल असतं. त्याला दगडफूल म्हणू नका. बोट फिरवलं तर रंगाची भुकटी हाताला लागते, आणि कवचासारखा घट्ट थर सापडत नाही.

आणखी एक शंका कोकणातल्या बागायतदारांकडून नेहमी येते: सुपारीला, आंब्याला पांढरे डाग आलेत, झाडाला बुरशी लागली का? नाही. ही दगडफुलं झाडातून अन्न शोषत नाहीत, साल ही त्यांना फक्त बसायची जागा. म्हातारं, मंदावलेलं झाड त्यांनी भरलेलं दिसतं, कारण त्याची साल हळू वाढते आणि विरळ पानोळ्यातून उजेड जास्त मिळतो. डाग हे तिथे कारण नसतात, परिणाम असतात. त्यावर औषध फवारण्यात पैसे घालवू नयेत.

कोणतं झाड, कोणता महिना

झाड निवडताना साल बघा. गुळगुळीत आणि न सुटणारी साल ग्राफिसला मानवते. महाबळेश्वर-आंबोलीच्या रानातली जांभूळ, पिसा, अंजनी ही झाडं तपासून बघा. अंजनीची जुनी खोडं खरबरीत असतात, तिथे कोवळ्या फांद्या पाहाव्यात. नाण्याची साल पापुद्र्यांनी गळते, त्यामुळे त्यावर फारसं काही टिकत नाही; पेरूचंही तेच. ऐनाची मगरपाठी साल मात्र वेगळं प्रकरण आहे. तिच्या भेगांत आणि उंचवट्यांवर निरनिराळी दगडफुलं सापडतात, पण नवशिक्याने तिथून सुरुवात केली तर डोकं फिरतं.

सरावासाठी जंगलात जायचीही गरज नाही. कोकणात आणि गोव्यात घरामागच्या सुपारीचं खोड यासाठी उत्तम. सरळ, गुळगुळीत, डोळ्यांच्या उंचीवर, आणि त्यावर बहुधा एकाहून अधिक प्रकारचे डाग. परवानगीचा प्रश्न नाही, आणि चहा थंड होण्याआधी घरात परत येता येतं.

ऋतू म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. भर पावसात आंबोलीला जाणारे पुष्कळ आहेत. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रान सुंदर दिसतं, पण ओल्या दगडफुलाचा रंगच बदलतो. वरचा थर पाणी पिऊन पारदर्शक होतो, आतलं शैवाल डोकावतं आणि राखाडी डाग हिरवा दिसू लागतो. वर्णनांमध्ये रंग दिलेला असतो तो कोरड्या अवस्थेतला. शिवाय पावसात भिंगावर वाफ धरते आणि जळवा मोज्यांत शिरतात.

एक सूचना गंभीरपणे घ्या. बुंध्याला नाक लावण्याआधी तो बुंधा आणि डोक्यावरची फांदी नीट पाहून घ्या. मलबार चापडा हा विषारी साप याच रानांत फांद्यांवर आणि खोडांवर निश्चल बसलेला असतो, आणि त्याचे काही रंगप्रकार शेवाळलेल्या सालीत पूर्ण मिसळतात.

सोबत काय घ्यायचं

दहा पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग हे सगळ्यात महत्त्वाचं. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स चालते, पण ती भिंगाची जागा घेत नाही. भिंगातून रेघ सगळ्या बाजूंनी फिरून बघता येते. त्याखेरीज छोटी टॉर्च, मिलिमीटरच्या खुणा असलेली कागदी पट्टी, पाण्याची फवारणीची बाटली, वही आणि पेन्सिल. शाईचं पेन नको, दमट हवेत अक्षर पसरतं. पुठ्ठ्यात दहा बाय दहा सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापून ठेवा, पुढे लागेल. अतिनील प्रकाशाची, ३६५ नॅनोमीटरची टॉर्च मिळाली तर जरूर घ्या.

भिंग वापरायची पद्धत बहुतेकांची उलटी असते. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि डोकं सालीकडे न्यायचं. भिंग सालीपाशी धरून लांबून बघितलं तर दिसतं, पण फार थोडं.

रेघ वाचायची कशी

इथे वेळ घाला. एका झाडावरचा एकच डाग निवडा आणि त्यातल्या पाच-सहा रेघा वेगवेगळ्या बघा. एकाच डागात कोवळ्या आणि जुन्या रेघा असतात, आणि जातीचा स्वभाव पूर्ण वाढलेल्या रेघांत दिसतो.

ती काळी रेघ म्हणजे बुरशीचं फळ. मध्ये लांबट खाच, तिच्या दोन बाजूंना काळे ओठ, आणि खाचेच्या आत बीजाणू तयार करणारा थर. आता टॉर्च समोरून न मारता सालीला जवळजवळ समांतर धरा. तिरप्या उजेडात सावल्या पडतात आणि सपाट वाटणारी रेघ एकदम उठून येते.

पहिल्यांदा आकार बघा. रेघ सरळ आहे की नागमोडी, एकटी आहे की फांद्या फुटलेली, टोकं गोलसर की निमुळती. लांबी पट्टीने मोजा. बहुतेक रेघा एक ते पाच मिलिमीटरच्या आत बसतात.

मग ती सालीतून किती वर आली आहे ते. काही रेघा थरात बुडालेल्या असतात आणि फक्त खाच दिसते. काही अर्ध्या वर, तर काही इतक्या उंच की बोटाला जाणवतात.

तिसरी गोष्ट काळ्या ओठांची, आणि नवशिके इथेच घाई करतात. ओठ अखंड, गुळगुळीत आहेत, की त्यांवर खाचेला समांतर आणखी बारीक चऱ्या आहेत? ग्राफिसच्या जाती वेगळ्या करताना हा प्रश्न अगदी सुरुवातीला विचारला जातो. कोवळ्या रेघेवर चऱ्या उमटलेल्या नसतात, म्हणून जुन्या रेघा बघायच्या. ओठ काळे उघडे आहेत, की दगडफुलाच्या पांढऱ्या थराने झाकलेले, हेही लिहा: फक्त तळाशी झाकलेले, बाजूंनी अर्धे झाकलेले, की पूर्ण, की वर फक्त काळी फट उरली आहे.

मग खाच. ती मिटलेली आहे की उघडी? उघडी असेल तर आतला भाग काळा आहे, तपकिरी आहे, की त्यावर पांढरी भुकटी आहे? हे कोरड्या अवस्थेत बघून झालं की दोन फवारे मारून पुन्हा बघा. ओल्या अवस्थेत भुकटी दिसेनाशी होऊ शकते, त्यामुळे क्रम उलटा करू नका.

शेवटी डागाकडे वळा. रंग, पोत, कड. दोन डाग जिथे भिडतात तिथे अनेकदा काळी किंवा तपकिरी सीमारेषा असते. ती ग्राफिसची रेघ नव्हे, शेजाऱ्यांमधला बांध आहे. अतिनील टॉर्च अंधारात मारून बघा. काही दगडफुलांत लायकेक्झँथोन नावाचं द्रव्य असतं आणि ती पिवळी चमकतात. आपल्या भागात सगळ्यात सहज दाखवता येणारं उदाहरण म्हणजे नारळ-आंब्याच्या खोडावरचं, राखाडी पाळ्यांचं पिक्सिने कोकोस. ते ग्राफिस नाही, पण टॉर्च नीट चालते की नाही हे त्यावर तपासता येतं.

फसवणारे शेजारी

रेघ दिसली म्हणजे ग्राफिस, असं नाही. रेघ रुंद, पसरट, उघडी आणि आतून तपकिरी-काळी असेल, काळे ओठ ठळक नसतील, तर फिओग्राफिसचा संशय घ्या. पुष्कळ रेघा एका उंचवट्यात गोळा होऊन चांदणीसारख्या पसरल्या असतील तर सार्कोग्राफा. रुंद रेघांच्या पोटात दाट पांढरी भुकटी दिसली तर डायोरिग्मा. ओपेग्राफा सर्वांत त्रासदायक: काळे ओठ, काळी खाच, सगळं ग्राफिससारखं. तिथे भिंगाने खात्री होत नाही, सूक्ष्मदर्शकच लागतो. ओठच नाहीत, नुसते वेडेवाकडे काळपट ठिपके आहेत, तर आर्थोनिया.

रेघांऐवजी काळे टेंगूळ आणि टोकाला भोक असेल तर पायरेन्युला किंवा त्याचे भाईबंद. कापसासारखा हिरवट-पांढरा थर, कडेला पांढरी झालर आणि फळं कुठेच नाहीत, तर क्रिप्टोथेसिया. खोडावर हळद उधळल्यागत पिवळी भुकटी असेल तर क्रायसोथ्रिक्स. ते एकदा ओळखलं की आयुष्यभर चुकत नाही.

पांढऱ्या थरात छोटे ज्वालामुखी असावेत तशी गोल भोकं दिसली, तर मात्र थांबा. ओसेल्युलारिया, थेलोट्रेमा अशा वंशांची ही खूण. रेघा नसल्या तरी ही दगडफुलं ग्राफिसच्याच कुळातली आहेत, आणि त्यांना गर्द सावली, दमट हवा आणि फारशी तोड न झालेलं रान लागतं. एखाद्या देवराईत ती भरपूर मिळाली आणि कुंपणाबाहेरच्या झाडांवर नुसतं पिक्सिने आणि तसलीच उन्हाला सरावलेली दगडफुलं मिळाली, तर रानाचं छत्र कुठे तुटलं आहे ते झाडंच सांगताहेत. मला विचाराल तर नव्या जातीच्या शोधापेक्षा अशी तुलनात्मक नोंद आपल्या देवरायांसाठी जास्त मोलाची आहे.

नमुना घ्यायचा का?

शक्यतो नाही. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तर वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय पडलेली डहाळीसुद्धा उचलायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि जैवविविधता कायदा, २००२ दगडफुलांच्या बाबतीतही लक्षात ठेवायचे. राखीव वनातही परवानगी लागते. देवराईत गावाला विचारल्याशिवाय पानाला हात लावू नये. कित्येक गावांत काटकीही बाहेर नेत नाहीत, आणि म्हणून तर ती राई उरली आहे.

आपल्या बागेतली पडलेली फांदी किंवा तोडलेली पोफळ ही नमुन्याची योग्य जागा. वादळानंतर पडलेल्या फांद्यांवर शेंड्याकडची दगडफुलं मिळतात, जी एरवी भिंगाखाली येणारच नाहीत. धारदार सुरीने दोनेक सेंटिमीटरचा पातळ पापुद्रा काढा, कागदी पुडीत ठेवा, सावलीत वाळवा. प्लास्टिकची पिशवी नको, एका रात्रीत बुरा धरतो. पुडीवर ठिकाण, झाड, उंची, तारीख आणि तुमचं नाव लगेच लिहा.

नमुना हाती असेल तर दोन गोष्टी घरी करता येतात. पहिली, दाढीच्या नव्या पात्याने रेघ आडवी कापायची आणि छेद भिंगाखाली धरायचा. रेघेचं काळं कवच फक्त दोन बाजूंना आहे, की तळाशीही जुळून पूर्ण वाटी झाली आहे? जाती ओळखण्यात हा मुद्दा ओठांवरच्या चऱ्यांइतकाच निर्णायक आहे.

दुसरी, रंगचाचणी. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं दहा टक्के द्रावण काचेच्या बारीक नळीने पांढऱ्या थरावर टेकवायचं, अगदी टिंब. पिवळा रंग येऊन तो मिनिटाभरात लालसर झाला तर नॉरस्टिक्टिक आम्ल (दगडफुलातलं एक द्रव्य) असण्याची शक्यता. पिवळाच राहिला तर स्टिक्टिक आम्ल असू शकतं. काहीच झालं नाही तर तेही लिहायचं, ती सुद्धा माहिती आहे. हे द्रावण कातडी आणि डोळे भाजतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा, पाण्यात क्षार टाका, क्षारावर पाणी नव्हे, आणि जंगलात बाटली नेऊन झाडावर थेंब टाकण्याचा उद्योग करू नका. द्रावण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू निकामी होतं, म्हणून थोडंच बनवा. काही जण पॅरा-फेनिलीनडायअमीनची चाचणीही सांगतात. ते द्रव्य विषारी आहे, ते प्रयोगशाळेतच राहू द्या.

बीजाणूंसाठी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक आणि आयोडीनचं द्रावण पुरतं. ग्राफिसचे बीजाणू रंगहीन, बहुधा अनेक आडव्या कप्प्यांचे असतात आणि सहसा आयोडीनने जांभळट-निळे होतात. फिओग्राफिसचे पिकलेले बीजाणू तपकिरी असतात. ओपेग्राफाचे आयोडीनने तसे जांभळे होत नाहीत, म्हणजे मघाचं कोडं इथे सुटतं.

नोंद

प्रत्येक डागाचे किमान चार फोटो काढा: पूर्ण झाड, बुंध्यावरची जागा, पट्टी लावून डाग, आणि तिरप्या उजेडात रेघा. पाचवा ओला करून. वहीत झाडाचं नाव, सालीचा पोत, जमिनीपासून उंची, खोडाची दिशा, सावली किती, आणि वर सांगितलेल्या रेघेच्या सगळ्या खुणा. झाड ओळखता आलं नाही तर पान-फुलाचा फोटो जोडा. अंदाजे नाव लिहिण्यापेक्षा ते बरं.

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर नोंद टाकताना नाव ‘ग्राफिस’ इथेच थांबवा, आणि खुणा वर्णनाच्या जागेत पूर्ण लिहा. जगभरातल्या ग्राफिसची २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली ओळखसारणी, म्हणजे एकेक खूण विचारत जातीपर्यंत नेणारी यादी, तीनशेहून अधिक जातींची आहे, आणि ती याच खुणा विचारते. छेद आणि बीजाणू तपासले नसतील तर तिच्यात अर्ध्या वाटेवर अडकायला होतं.

नमुना पक्का करायचा असेल तर पुण्याची आघारकर संशोधन संस्था आपल्या सगळ्यांत जवळची. तिथल्या आजरेकर कवकसंग्रहात दगडफुलांचे नमुने जपलेले आहेत, आणि सह्याद्रीतल्या दगडफुलांवर पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखीजा यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिथूनच काम केलं. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतही मोठा संग्रह आहे. आधी पत्र लिहा, फोटो आणि वहीतल्या खुणा पाठवा, मागितली तरच पुडी पाठवा. ठिकाण आणि तारीख नसलेली पुडी कुणी उघडतही नाही.

आता ती पुठ्ठ्याची खिडकी. एकच झाड ठरवा, छातीच्या उंचीवर चारही दिशांना खिडकी धरून फोटो काढा आणि जागा नीट लिहून ठेवा. झाडाला खिळा ठोकू नका. सालीवरची एखादी गाठ किंवा जुना व्रण खुणेसाठी पुरतो. दर वर्षी पावसाळा संपल्यावर त्याच महिन्यात, त्याच उजेडात तेच चार चौकोन पुन्हा टिपा. शंखगोगलगाईंनी चरून काढलेले पट्टे, नवे डाग, मावळलेले डाग, सगळं त्यात येतं. पहिल्या एक-दोन वर्षांत बदल दिसला नाही म्हणून सोडून देऊ नका, हे काम ग्राफिसच्या वेगाने चालतं.